शेख महंमद रंगमंचावर आणताना: एका हौशी नाट्यसंस्थेचं प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या एका गावातली ही हौशी नाट्यसंस्था. दिवसा बँकेत, शाळेत, बाजार समितीत, मोबाइलच्या दुकानात काम करणारी माणसं संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये तालमीला जमतात आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत दोन अंकी नाटक उतरवतात. आजवर त्यांची नाटकं कौटुंबिक, फार तर शेतीच्या प्रश्नावरची. या वेळी त्यांनी ऐतिहासिक विषय घेतला: श्रीगोंद्याचे सूफी कवी शेख महंमद यांचा आध्यात्मिक प्रवास. संस्थेचं, गावाचं आणि माणसांचं नाव मी देत नाही. संहितेवर बोलायला आणि जुन्या ओव्यांचा अर्थ लावायला मी त्यांच्यात बसत असे, त्यामुळे जे घडलं ते जवळून पाहता आलं.

शेख महंमदांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नगरच्या बाहेर त्यांचं नाव ऐकलेलं असतं आणि काव्य क्वचितच वाचलेलं असतं. घराणं मूळचं बीडकडचं. वडील राजे महंमद, आई फुलाई, असं परंपरा सांगते. गुरू दौलताबादचे चांद बोधले, कादिरी परंपरेतले सूफी. चांद बोधल्यांनी जानोपंतांना आपलंसं केलं आणि जानोबांनी एकाला उपदेश केला, असं शेख महंमद स्वतःच आपल्या 'योगसंग्राम' या ग्रंथाच्या आरंभी सांगतात. जानोपंत म्हणजे देवगिरीचे जनार्दनस्वामी आणि एका म्हणजे पैठणचे एकनाथ. त्या हिशेबाने एका सूफी गुरूच्या घरात मराठी भागवत परंपरेचा आणि शेख महंमदांचा चुलता-पुतण्याचा संबंध लागतो. मालोजीराजे भोसल्यांनी त्यांना गुरू मानलं, चांभारगोंद्याला, म्हणजे आजच्या श्रीगोंद्याला, आणून मठासाठी जागा दिली, अशीही परंपरा आहे. 'योगसंग्राम' पुरा झाला शके १५६७ मध्ये, म्हणजे १६४५ साली. त्याचे अठरा प्रसंग, म्हणजे अध्याय, आहेत. 'पवनविजय', 'निष्कलंकप्रबोध', अभंग आणि दखनीतल्या, म्हणजे दख्खनच्या जुन्या हिंदी-उर्दू बोलीतल्या, रचना वेगळ्या. वा. सी. बेंद्रे यांनी हे काव्य संपादित करून छापलं आणि रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर लिहिलं, म्हणून आपल्यासारख्यांना ते आज वाचायला मिळतं.

संहिता लिहिली ती शाळेत मराठी शिकवणाऱ्या एका ताईंनी. पहिल्या खर्ड्यातला पहिला अंक असा: मुलाण्याच्या घरातला पोरगा, हातात सुरी, समोर बोकड. सुरीची धार तो आधी स्वतःच्या बोटावर पाहतो, कळवळतो आणि सुरी टाकून देतो. ही कथा लोकांत प्रसिद्ध आहे. मग घरच्यांचा रोष, मोहल्ल्याची नाराजी, दौलताबादची वाट, चांद बोधल्यांची भेट. दुसऱ्या अंकात चांभारगोंदे, कीर्तन, मालोजीराजे, आणि शेवटाकडे तो मोठा चमत्कार: देहूला तुकोबांच्या कीर्तनात मांडव पेटतो आणि इकडे श्रीगोंद्यात बसलेले शेख महंमद हातांनी ती आग विझवतात. पडदा पडताना मागे विठ्ठलाची मूर्ती उजळते.

खर्डा वाचनीय होता. संवाद चांगले होते, टाळ्यांच्या जागा नेमक्या होत्या. तिथंच कुणी थांबलं असतं तर नाटक स्पर्धेत उतरलंही असतं.

अडचण

पहिल्या वाचनाला संस्थेचे बाजाची पेटी वाजवणारे जुने चाचा बसले होते. वाचन संपल्यावर सगळे बोलले, ते गप्पच. शेवटी दिग्दर्शकांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "ताई, लिहिलंय छान. पण पहिल्या अंकात बाबा आमचे आणि दुसऱ्यात तुमचे. मधल्या चहात नेमकं झालं काय?"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. ताईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "चाचा, हे मला दिसलंच नव्हतं."

दोन दिवसांनी संहिता गावातल्या एका वारकरी बुवांकडे गेली. कीर्तनाच्या प्रवेशांवर त्यांचं मत हवं होतं. त्यांचा आक्षेप उलट बाजूने आला. "अहो सर, पहिला अंकभर तुम्ही त्यांना दर्ग्यात बसवलंय. गळ्यात माळ कुठंय? हा आमचा संत आहे."

दोघांच्या बोलण्यात राग नव्हता, दोघांनाही नाटक व्हायला हवं होतं. पण दोघांनी मिळून खर्ड्याचा कणाच दाखवून दिला होता. 'प्रवास' म्हणजे एका धर्मातून निघून दुसऱ्यात पोचणं, हे संहितेनं गृहीत धरलं होतं. पहिल्या अंकातलं सगळं मुसलमानी जग क्रूर, कर्कश आणि सोडून देण्यासारखं. दुसऱ्या अंकातलं सगळं मऱ्हाटी जग उजळ. सूफी गुरू त्यात फक्त पुलासारखा, ओलांडून झाला की मागे टाकायचा.

काव्यात असं काही नाही. शेख महंमदांनी नाव बदललं नाही, गुरू लपवला नाही, आपण कोण आहोत ते झाकलं नाही. त्यांचा सर्वांना पाठ असलेला अभंग घ्या. 'ऐसें केलें या गोपाळें, नाहीं सोंवळें ओंवळें' असं म्हणून ते केतकीचे काटे आणि आतला केवडा, फणसाचे काटे आणि आतले गरे दाखवतात, आणि शेवटी म्हणतात, 'शेख महंमद अविंध, त्याचे हृदयीं गोविंद'. अविंध, म्हणजे मुसलमान, हा शब्द ते खाली पाडत नाहीत, त्याच्यासाठी क्षमाही मागत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत, एकाच माणसात आहेत. बोकडबळीवर, भोंदू पीरांवर, नवसासायासांवर ते जेव्हा तुटून पडतात तेव्हा दोन्हीकडच्या लोकांना सारखंच झोडतात. हा माणूस गाव सोडून दुसऱ्या गावी गेला नाही. तो आहे तिथेच आत उतरत गेला.

याला जोडून दोन व्यावहारिक अडचणी होत्या. एक म्हणजे चरित्राची साधनं. समकालीन नोंदी थोड्या, आणि आख्यायिका ज्यांच्यामुळे घरोघरी पोचल्या ते संतचरित्रकार ताहराबादकर महिपती एका शतकानंतरचे; त्यांचा 'भक्तिविजय' १७६२ चा. सांगोवांगीचं किती आणि कवीच्या तोंडचं किती, ही वाटणी खर्ड्यात केलीच नव्हती. दुसरी अडचण आजची. श्रीगोंद्यातल्या समाधिस्थळाच्या व्यवस्थापनावरून आणि त्याला काय म्हणायचं यावरून अलीकडच्या काळात वाद झाले आहेत. त्या वादात एका बाजूचं हत्यार होणारं नाटक संस्थेला करायचं नव्हतं, आणि वाद नाहीच असं भासवणारं गुळगुळीत नाटकही नको होतं.

आणि सगळ्याच्या तळाशी रंगभूमीचा जुना प्रश्न. आतला प्रवास दाखवायचा कसा? दिग्दर्शक म्हणाले ते मला अजून आठवतं: "नट डोळे मिटून बसला की शेवटच्या रांगेतल्या माणसाला तो झोपलाय असं वाटतं."

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: आहे तीच संहिता ठेवायची, चाचांचं समाधान होईल असे दोन संवाद घालायचे आणि पुढे जायचं. वेळ कमी होता. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय प्रयोग करता येत नाही, आणि संहिता मोठ्या प्रमाणात बदलली की ती पुन्हा दाखवावी लागते. संस्थेतले जुने लोक या बाजूचे होते आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लोकांना चमत्कार आवडतो, शेवटच्या प्रवेशाला उभं राहून हात जोडतात, आणि हौशी संस्थेला लोकांचा आधार लागतो.

दुसरा पर्याय इतिहासनाट्याचा. शेख महंमदांच्या हयातीत नगरची निजामशाही कोसळत होती. १६०० मध्ये मुघलांनी नगरचा किल्ला घेतला, मलिक अंबरानं पुढे पंचवीसेक वर्षं झुंज दिली, तो १६२६ ला गेला, १६३०-३२ चा भीषण दुष्काळ आला आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. मालोजीराजे, घोडदळ, दरबार. नेपथ्यकाराचे डोळे यावर चमकले होते. पण असं नाटक केलं असतं तर कवी त्यात मालोजीराजांना आशीर्वाद देण्यापुरता उरला असता. ते मराठी प्रेक्षकाने पुष्कळ पाहिलं आहे. शिवाय मालोजीराजांशी असलेलं नातं परंपरेनं सांगितलेलं. त्यावर अख्खा अंक उभा करणं धोक्याचं.

तिसरा पर्याय ताईंनीच मांडला, थोड्या भीत भीत. 'योगसंग्राम' हेच नाटक करायचं. त्या ग्रंथात माणूस स्वतःशीच लढतो. काम, क्रोध, मद, मत्सर हे शत्रू, आणि आत्मा लढवय्या. कवीचं चरित्र फक्त चौकटीपुरतं, आत सगळा संग्राम. यातलं आकर्षण उघड आहे: प्रवास आतला आहे हे कवीनंच लढाईच्या रूपात बाहेर काढून ठेवलंय, म्हणजे रंगमंचावर दिसण्याजोगं केलंय. धोकाही उघड होता. विकारांना पात्रं केली की नाटकाचं शालेय रूपक होतं. काळा पोशाख घातलेला क्रोध लाल दिव्यात 'हा हा हा' करतो, हे कुणालाच नको होतं.

विषय सोडून द्यावा, असंही एकदा बोललं गेलं. ते फार वेळ टिकलं नाही.

घेतलेले निर्णय

ठरलं ते तिसऱ्या पर्यायाजवळचं, पण एका अटीवर: विकार पात्रं होणार नाहीत. लढाई कवीच्या काळातल्या खऱ्या माणसांतूनच दिसेल. १६४५ मध्ये 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या माणसानं चाळीसहून अधिक वर्षं फौजा येता-जाताना पाहिल्या होत्या, दुष्काळात मेलेली गावं पाहिली होती. त्यानं आतल्या झुंजीसाठी युद्धाची भाषा का घेतली असेल, याचं उत्तर त्याच्या अंगणातच होतं. म्हणून दुसऱ्या अंकात फौजेतून पळालेला एक शिलेदार मठात येतो, दुष्काळात धान्य दडवणारा एक शेटे येतो, बोकडाचा नवस फेडायला निघालेलं एक कुटुंब येतं. त्यांच्याशी बोलता बोलता कवी स्वतःच्या आतलं तेच पाहतो आणि लिहितो. शिलेदाराचा प्रवेश संहितेतला सर्वांत चांगला झाला. तो विचारतो, "बाबा, मी मारलेली माणसं रात्री येतात. तुमच्या लढाईत मेलेले येत नाहीत का?" आणि बाबांना लगेच उत्तर सुचत नाही.

सुरीचा प्रवेश ठेवला, पण त्यातला रोषाचा भाग काढला. बोटाला चिरा पडल्यावर बाप मुलाला मारत नाही. तो शांतपणे सुरी धुतो आणि म्हणतो, "धंदा आहे बेटा. तुला जमत नसेल तर तुझं पोट कशावर भरायचं ते मला सांग." चाचांना हा बदल सर्वांत जास्त आवडला. बाप खलनायक नसेल तर मुलाचं दुखणं जास्त खोल जातं, हे तालमीत सगळ्यांना जाणवलं.

देहूच्या आगीवर सर्वांत जास्त रात्री गेल्या. ती दाखवायची, गाळायची की वेगळ्या वाटेनं आणायची? गाळणं हा सोपा, सुशिक्षित मार्ग होता, आणि बुवांनी त्याला ठाम विरोध केला. "लोक तीनशे वर्षं ही गोष्ट सांगतायत. तुम्ही ती काढणारे कोण?" या प्रश्नात तथ्य होतं. मग ताईंनी अठराव्या शतकातला एक कीर्तनकार आणला. महिपतींच्या काळातला, निनावी. तो प्रेक्षकांसमोर येऊन ही कथा पूर्ण श्रद्धेनं, टाळ घेऊन सांगतो. त्यामागे शेख महंमद मात्र आपल्या मठात दिव्याच्या उजेडात लिहीत बसलेले दिसतात. कथा सांगणाऱ्याचा काळ आणि कथा घडल्याचा काळ एकाच वेळी दिसतो. श्रद्धेला धक्का नाही आणि इतिहासाचा दावाही नाही. शेवटची विठ्ठलमूर्ती मात्र काढून टाकली. त्यावर बुवांनीही आग्रह धरला नाही.

वेशभूषेचा निर्णय वाटला त्यापेक्षा अवघड होता. टोपी, दाढी, माळ, बुक्का: यातलं काहीही घातलं की प्रेक्षक पहिल्या मिनिटाला निकाल देऊन मोकळा होतो. शेवटी जाड्याभरड्या कापडाचा एकच अंगरखा आणि डोक्याला फडकं, तेच कपडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत. वय फक्त दाढीच्या रंगात आणि चालण्यात. रंगभूषाकाराला हे फार कोरडं वाटलं. मला वाटतं, नाटकाच्या बाजूने उभी राहिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच होती. कवी बदलत जातो, कपडे बदलत नाहीत.

भाषेचा प्रश्न एका ओवीवर येऊन थांबला. 'योगसंग्रामा'त शेख महंमद म्हणतात:

सच्चा पीर कहें मुसलमान ।
मऱ्हाटे म्हणविती सद्गुरु पूर्ण ।
परि नाहीं दोघांत भिन्नपण ।
आंखें खोल देखो भाई ॥

पहिला चरण हिंदुस्थानीत, मधले दोन मराठीत, चौथा पुन्हा हिंदुस्थानीत. तालमीत मुख्य नट पहिला चरण हात पसरून, जरा खर्जात म्हणायचा. दुसऱ्या चरणाला हात जोडायचा आणि आवाज मऊ करायचा. म्हणजे ओवी 'भिन्नपण नाही' म्हणत होती आणि नट दर ओळीला भिन्नपण दाखवत होता. दिग्दर्शकांनी त्याला खुर्चीवर बसवलं, हात मांड्यांवर ठेवायला लावले आणि सांगितलं, "बाजारात उभा राहून गिऱ्हाइकाशी बोलतोस तसं बोल. तू दिवसातून किती वेळा अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलतोस?" तो मोबाइलच्या दुकानात काम करतो. त्यानं एका दमात, कसलाही भाव न आणता ओवी म्हटली. शेवटच्या चरणावर नुसतं समोरच्याकडे पाहिलं. ओवी तशीच राहिली आणि पुढे प्रयोगात त्या जागेला कधीही पार्श्वसंगीत वाजलं नाही.

संगीतात पहिल्यांदा पेटीवरची कव्वाली आणि टाळ-मृदंगावरचा अभंग, अशी आळीपाळीची योजना होती. तिच्यात दोन दोष. पेटी आपल्याकडे आली एकोणिसाव्या शतकात. आणि आळीपाळीनं वाजवलं की पुन्हा तीच 'आमचे-तुमचे' वाटणी. पेटी काढायची हे चाचांनी स्वतःच सुचवलं. पर्याय आला फुलाईचं कामही करणाऱ्या ताईंकडून. दखनी सूफींच्या परंपरेत चक्कीनामे आहेत. विजापूरकडच्या सूफींनी जात्यावर दळणाऱ्या बायकांसाठी दखनीत रचलेली ही गाणी, जात्याच्या खुंट्यापासून फिरणाऱ्या वरच्या दगडापर्यंत प्रत्येक गोष्टीत अल्ला-रसुलाची आठवण करून देणारी. आणि मराठी बाईला जात्यावरच्या ओवीबद्दल वेगळं सांगायला नको. एकच जातं, पहाटेची एकच वेळ, दोन्हीकडच्या बायका. ताईंनी घरून जातं आणवलं. खरं, जड, दोघांनी उचलायचं. पहिल्या प्रवेशात फुलाई त्यावर ज्वारी दळते आणि गुणगुणते. तिच्या ओठावर दखनी ओळीतून मराठी ओवी सहज येते. दाणे घालताना ताईंचा हात थांबत नसे, डाव्या मुठीतून धार पडत राही आणि उजव्या हातानं खुंटा फिरत राही. जात्याचा तो घरघर आवाज हेच नाटकाचं संगीत झालं. चाचा दिमडीवर बसले.

जाहिरातीवर काय लिहायचं, हा शेवटचा निर्णय. 'संत', 'सूफी', 'महाराज', 'बाबा', 'पीर' यातला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी बाजूचा होता. पोस्टरवर 'श्रीगोंद्याचे शेख महंमद' एवढंच छापलं. त्यांनी स्वतःच्या ओळींत आपली सही नुसती 'शेख महंमद' अशीच केली आहे.

प्रयोग आणि परिणाम

प्राथमिक फेरीत नाटकाला सांघिक पारितोषिक मिळालं नाही. फुलाईच्या कामाला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. परीक्षकांपैकी एकांनी दुसरा अंक सैल असल्याचं सांगितलं, ते खरंच होतं. नवसाचा प्रवेश शिलेदाराच्या प्रवेशाच्या मागोमाग आला की तोच मुद्दा दुसऱ्यांदा ऐकल्यासारखं होतं.

स्पर्धेनंतरचे प्रयोग जास्त शिकवून गेले. गावातल्या प्रयोगाला वारकरी मंडळी आणि मोहल्ल्यातली कुटुंबं दोन्ही आली. 'ऐसें केलें या गोपाळें' सुरू झाल्यावर पुढच्या रांगांतून आपोआप साथ मिळाली, आणि कीर्तनकारानं देहूची कथा सांगितली तेव्हा टाळ्या पडल्या. चमत्कार दाखवला नाही म्हणून कुणीही तक्रार केली नाही. उलट एका म्हाताऱ्या आजींनी ताईंना गाठून चक्कीनाम्याच्या ओळी पुन्हा म्हणायला लावल्या. "आमच्या शेजारच्या खाला अशाच म्हणायच्या," असं त्या सांगत होत्या.

एका मोठ्या गावात यात्रेतला ठरलेला प्रयोग रद्द झाला. आधी कुणीतरी पोस्टरवर 'महाराज' का नाही विचारलं, मग दुसऱ्या कुणीतरी 'सूफी' का नाही विचारलं, आणि यात्रा समितीनं कटकट नको म्हणून दुसरा कार्यक्रम ठेवला. संस्थेनं वर्तमानपत्रात काही दिलं नाही. दिग्दर्शक आणि ताई जाऊन समितीला भेटले, संहिता ठेवून आले. समितीनं ती वाचली की नाही, हे कळलं नाही. तिथं नाटक झालेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट क्रमाची. संस्थेनं आधी कथानक रचलं आणि मग ओव्या शोधल्या. उलटं केलं असतं, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस सगळ्यांनी मिळून 'योगसंग्राम' मोठ्यानं वाचला असता, तर पहिला खर्डा तसा झालाच नसता. कवीवरच्या नाटकात कवीचे शब्द हेच सर्वांत भक्कम साधन असतं. चरित्रातल्या मोकळ्या जागा भरायला आख्यायिका धावून येतात, आणि आख्यायिकांना सांगणाऱ्याच्या काळाचा कल असतो. शेख महंमदांच्या बाबतीत तर हा कल ओळखणं हेच अर्धं काम आहे.

चाचांना आणि बुवांना एकाच बैठकीत, पहिल्या वाचनाला बोलवायला हवं होतं. ते दोघं वेगवेगळे आले म्हणून दोन आक्षेप वेगवेगळे वाटले आणि काही आठवडे संस्था एकाला खूश करायचं की दुसऱ्याला, या पेचात अडकली. दोघं पहिल्यांदा समोरासमोर बसले ते रंगीत तालमीच्या आधी. त्यांची चर्चा पाऊण तास माळेवर आणि नंतर बराच वेळ जुन्या पखवाजवाल्यांवर चालली होती. ती आधी झाली असती तर मंडळाकडे संहिता दुसऱ्यांदा पाठवण्याचा वेळ वाचला असता.

रद्द झालेल्या प्रयोगाबद्दल संस्थेत दोन मतं आहेत. काहींना वाटतं, पोस्टरवर एखादा गोड शब्द टाकला असता तर गाव उघडलं असतं. मला ते पटत नाही. एक शब्द टाकला असता तर दुसरं गाव बंद झालं असतं. पण पोस्टर लागण्याआधी समितीसमोर पहिला अंक वाचून दाखवता आला असता. ज्यांना कागदावरचा शब्द खुपतो त्यांना जात्यावरची फुलाई कदाचित खुपली नसती.

नाट्यरचनेतला खरा दोष मात्र फुलाईचाच आहे. पहिल्या प्रवेशात ती सगळं नाटक आपल्या हातात घेते आणि पहिल्या अंकाच्या मध्यात निघून जाते. जातं विंगेत जातं आणि दुसऱ्या अंकात सगळे पुरुष पुरुषांशी अध्यात्म बोलत राहतात. ज्या दोन भाषांचं एकत्र असणं कवीनं ओवीत आणलं, ते त्यानं पहिल्यांदा ऐकलं कुठे असेल, तर आईच्या कामात, असं नाटकच सुचवतं आणि मग विसरतं. नवसाचा प्रवेश काढून त्या जागी दुष्काळातलं रिकामं जातं आणावं, असं ताईंनी ठरवलंय: दळायला दाणे नाहीत, तरी मठात आलेली एक बाई सवयीनं खुंट्यावर हात ठेवते आणि म्हणायला लागते, आणि शेख महंमद आतून उठून येतात. त्या प्रवेशात त्यांना एकही वाक्य नाही. संग्रामाचा शेवटचा प्रसंग तिथून सुरू होतो.

सुधारित संहिता परिनिरीक्षणासाठी पाठवली आहे. प्रमाणपत्र आलं की पुन्हा तालमी सुरू होतील. यात्रेचा प्रयोग जिथे रद्द झाला होता त्या गावाला पहिल्या अंकाच्या वाचनाचं निमंत्रण या वेळी आधीच गेलं आहे.